बुवांचं चौथं मिनिट

संगीत माणसाला उदार करतं, वैर विसरायला लावतं आणि परक्याला जवळ आणतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या नागपूरच्या सरकारी कचेरीत संगीताचे जाणकार दोन होते. त्यांची टेबलं एकमेकांना लागून होती आणि ते सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिले मनोहरराव डोर्लीकर. राहणार धंतोली, टेबल पाझर तलावांचं. दुसरे शालिकराम भेंडारकर. मूळचे पारशिवनीकडचे, राहणार महाल, टेबल विहिरींचं. सात वर्षांपूर्वी सीताबर्डीवरच्या एका बैठकीत मनोहररावांनी समेच्या एक मात्रा आधी मान हलवली आणि मोठ्यानं 'वाहवा' म्हटलं. पुढच्या रांगेतल्या शालिकरामांनी मागे वळून पाहिलं. बोलले काही नाहीत. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा तोंड फिरवून बसले. त्या पाहण्यातून मनोहरराव अजून सावरले नव्हते.

दोघांचं दळणवळण कवडूमार्फत चालायचं. कवडू आमचा शिपाई, वय पंचावन्न.

"कवडू, यांना विचार, तलावांची फाइल यांच्याकडे काय करते आहे?"

"कवडू, त्याइले सांग, फाइलीले पाय नसतात. त्याइनंच ठेवली."

"बाप्पा, दोन हातांवर बसले तुमी," कवडू म्हणायचा. "माहे गुडघे गेले ना गा तुमच्या अबोल्यापायी."

दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. ऑक्टोबरात वर्तमानपत्रात पुण्याच्या संगीत महोत्सवाची जाहिरात आली. बुध, गुरू, शुक्र अशा डिसेंबरातल्या तीन रात्री. शेवटच्या रात्री बुवा गाणार. बुवांचं वय ऐंशी, आणि ही आपली शेवटची बैठक असं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं.

आता मनोहरराव या महोत्सवाबद्दल अकरा वर्षं बोलत होते. मंडपात थंडी किती असते, चहाच्या टपऱ्या कुठल्या बाजूला लागतात, पहाटे भैरवीला लोक शाल कशी सावरतात. हे सगळं ते वर्तमानपत्रातून वाचून सांगत. स्वतः एकदाही गेले नव्हते. कारण साधं होतं. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, आणि अधिवेशनात सरकारी कारकुनाला रजा मागणं म्हणजे लग्नात नवरदेवानं जरा बाहेर जाऊन येतो म्हणण्यासारखं.

पण या वर्षी बुवा होते. मनोहररावांकडे बुवांच्या चार जुन्या तबकड्या होत्या. एकेका बाजूला साडेतीन मिनिटं. तीस वर्षं त्यांनी बुवांना साडेतीन-साडेतीन मिनिटं ऐकलं होतं. बुवा राग मांडतात, दार किलकिलं करतात, आणि सुई कडेला जाऊन खरखरायला लागते. चौथ्या मिनिटाला बुवा काय करतात हे मनोहररावांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या आयुष्यात ठाऊक करून घ्यायचं म्हणून एवढंच उरलं होतं. मुलीचं लग्न झालं होतं.

त्यांनी त्याच दिवशी प्रवासाची वही काढली. गुरुवारी सकाळी अकराची गाडी; मनमाड रात्री, दौंड दुसऱ्या दिवशी सकाळी, पुणे दुपारी. अंघोळ, दोन तास झोप, मग मंडप. शनिवारी परतीची गाडी. गाडी हुकल्यास एसटी. एसटी बिघडल्यास काय, हेही लिहिलं होतं. सोबत घोंगडी एक, कानटोपी एक, पत्नी नाही. प्रेमिलाबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं नियोजन तुम्ही आपल्या लग्नात केलं असतं, तर माझे काका वर्ध्याला उतरून बसले नसते."

गुरू, शुक्र, शनी अशा तीन दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन मनोहरराव साहेबांकडे गेले. आमचे साहेब चंपतराव उमाठे. त्यांच्या टेबलावर एक अर्ज आधीच पडलेला होता. तारखा त्याच, कारण तेच. सही शालिकराम भेंडारकर.

साहेबांनी दोघांना बोलावून समोर उभं केलं.

"एकाच्या रजेत दुसऱ्यानं टेबल सांभाळायचं, हा नियम आहे. दोघं गेले तर विहिरी आणि तलाव मी सांभाळू का? एकच जाईल."

"मी सेवाज्येष्ठ आहे," मनोहरराव भिंतीवरच्या कॅलेंडराला म्हणाले.

"सायेब, अर्ज माहा पयले आला," शालिकराम खिडकीला म्हणाले.

साहेबांना भांडण नको होतं. भांडण नको असलेल्या माणसानं सुचवलेल्या तोडग्यानंच मोठी भांडणं होतात, हे त्यांना माहीत नसावं. ते म्हणाले, "असं करा. अधिवेशनात ज्याच्या टेबलावर तारांकित प्रश्न येणार नाही, तो जाईल. आला, तर त्यानं फाइल घेऊन विधानभवनात हजर राहायचं. झाला निकाल. जा."

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी द्यायचं असतं. असा प्रश्न आला की मंत्र्यांपासून कारकुनापर्यंत कोणी जागचं हलत नाही. आमदारांना वाटेल तेव्हा, वाटेल त्या गोष्टीबद्दल तो विचारता येतो. फक्त कोणीतरी तो लिहून द्यावा लागतो.

दोघेही साहेबांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर एकसारखं समाधान होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या रविवारी शालिकराम गावी गेले. तिकडच्या आमदारांच्या वाड्यावर त्यांचे मामा भजनाला पेटी धरायचे. त्याच रविवारी मनोहरराव रामदासपेठेत मेहुण्याकडे जेवायला गेले. हा मेहुणा दुसऱ्या एका आमदारांचा स्वीय सहायक होता आणि बहिणीच्या नवऱ्याला सहसा जेवायला बोलवत नसे. या वेळी मनोहरराव न बोलवता गेले, आणि वर संत्र्याची बर्फी घेऊन गेले.

पुढचे पाच आठवडे कचेरीत विलक्षण शांतता होती. मनोहररावांनी पहाटे रांगेत उभं राहून गाडीचं आरक्षण केलं आणि तिकीट सगळ्यांना दिसेल असं टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. शालिकरामांनी दुसऱ्या दिवशी एसटीचं तिकीट आणलं आणि आपल्या काचेखाली ठेवलं.

"कवडू," मनोहरराव म्हणाले, "यांना विचार, एसटीत पाठ मोडून घेतल्यावर हे मंडपात गाणं ऐकणार की कण्हणार?"

"कवडू, त्याइले सांग, माही पाठ मोडली तरी चालते. मले मान हलवाची घाई नसते."

मनोहररावांनी दौत उचलली. कवडूनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवली. "सरकारी हाय, सायेब," तो म्हणाला.

अधिवेशनाच्या तोंडावर मुंबईहून लिफाफा आला. साहेबांनी फोडला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि दोघांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हा सर्वांना ऐकण्याचे कष्ट पडले नाहीत.

"डोर्लीकर, तुमच्या टेबलावर प्रश्न आला आहे. 'दुष्काळात पारशिवनी भागात बांधलेल्या पाझर तलावांतील पाणी जमिनीत पाझरून जाते, हे खरे आहे काय? असल्यास, ते थांबविण्यासाठी शासनाने कोणती उपाययोजना केली आहे?'"

"पाझर तलावातलं पाणी पाझरतं का, असं विचारलंय?" मनोहरराव म्हणाले.

"तसंच विचारलंय."

"त्याच्यासाठीच तो बांधतात, साहेब."

"मंत्र्यांना सभागृहात तेच सांगावं लागेल. त्यासाठी फाइल लागेल. फाइलसोबत तुम्ही लागाल. शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता."

शालिकरामांनी खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली. सात वर्षांत त्यांना एवढं प्रसन्न आम्ही पाहिलं नव्हतं.

"थांबा, भेंडारकर," साहेब म्हणाले. "लिफाफ्यात दोन कागद आहेत. 'जिल्ह्यातील काही विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात व पावसाळ्यात भरतात, हे खरे आहे काय? असल्यास, या विसंगतीस जबाबदार कोण?' तुमचं टेबल. शुक्रवार. अकरा."

सुपारी चावण्याचा आवाज थांबला.

"सायेब, हे याचंच काम हाय!" शालिकराम ओरडले. सात वर्षांत ते मनोहररावांबद्दल पहिल्यांदा कवडूला मधे न घालता बोलले. "याचा मेहुणा आमदाराच्या घरी पाणी भरते!"

"आणि पारशिवनीचे तलाव मुंबईत बसून कोणाला आठवले?" मनोहररावही ओरडले. "याच्या मामाची पेटी वाजली तिथं!"

"दोघंही बाहेर," साहेब म्हणाले. "दोन्ही रजा नामंजूर."

मनोहररावांनी शेवटचा प्रयत्न म्हणून मेहुण्याला गाठलं. प्रश्न मागे घेता येईल का? मेहुणा म्हणाला, घेता येईल, पण आमदारसाहेबांना तो प्रश्न फार आवडला आहे. त्यांनी त्यावर तीन पुरवणी प्रश्नही काढले आहेत. मुलाखतीत सांगणार आहेत. शिवाय मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमची अडचण तुमच्या तलावावरच्या प्रश्नाची आहे. आमचा प्रश्न तर विहिरींचा आहे. तो मागे घेतला तर भेंडारकर पुण्याला जाईल. चालेल का?"

मनोहररावांनी पाच मिनिटं विचार केला आणि चालणार नाही असं सांगितलं.

शालिकरामांच्या मामांनाही जवळजवळ हाच सल्ला मिळाला आणि भाच्यानं जवळजवळ हेच उत्तर दिलं, असं कवडूकडून कळलं. बुधवारी दोघांनी आपापली तिकिटं परत केली. काचेखाली तिकिटांच्या आकाराचे दोन स्वच्छ चौकोन राहिले. बाकी काचेखाली धूळ होती.

शुक्रवारी सकाळी साहेब विधानभवनातल्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन बसले. कारकुनांना गॅलरीत प्रवेश नसतो. त्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं, आणि आतून चिठ्ठी आली की फाइलीतला आकडा काढून द्यायचा. व्हरांड्यात जागा कमी आणि खाती फार, त्यामुळे आमच्या खात्याच्या वाट्याला एकच बाक आला होता. एका टोकाला मनोहरराव तलाव मांडीवर घेऊन बसले, दुसऱ्या टोकाला शालिकराम विहिरी घेऊन. मधे मी होतो, कारण कवडूनं त्या दिवशी आजारी असल्याचं कळवलं होतं.

अकराची घंटा झाली. थोड्या वेळानं मनोहरराव घड्याळाकडे बघून म्हणाले, "दौंड आलं असतं."

"गाडी लेट असन," शालिकराम म्हणाले.

"माझी गाडी लेट असो नाहीतर नदीत जावो, तुम्हाला काय करायचं?"

"मले काय करायचं? माही एसटी तर पोचली असती."

"गाढवावर बसूनही पोचला असतात. रेकणं ऐकायची सवय आहे तुमच्या कानांना."

"माह्या कानाले सम कळते."

मी दोघांच्या मधे फाइल धरल्यासारखा हात धरला. आतून बाक वाजवल्याचा आवाज आला, कोणीतरी "अध्यक्ष महाराज" असं तीनदा म्हणालं, पुन्हा शांत झालं.

शालिकराम हळूच म्हणाले, "मी बुवाइले आयकलं हाय."

मनोहरराव वळले. "तबकडीवर."

"तबकडी कायची? समोर. रामटेकले. अकरा वर्षांचा होतो मी. बाप घेऊन गेला होता. पुरा दीड घंटा गायले बुवा. मी खांबाजवळ बसलो होतो, इथून तो दरवाजा हाय ना, तेवढ्या अंतरावर."

मनोहररावांच्या मांडीवरची फाइल घसरली. त्यांनी ती उचलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठं गेला मला कळलं नाही, पण तिथं दुसरंच काहीतरी आलं होतं आणि ते बघणं मला नको वाटलं.

"मग," ते म्हणाले, आणि थांबले. "भेंडारकर, तीन-साडेतीन मिनिटं झाली की... म्हणजे तबकडी जिथं संपते तिथून पुढं बुवा काय करतात?"

शालिकरामांनी त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच. या वेळी मात्र ते बोललेही.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "अजून जसंच्या तसं ध्यानात हाय."

"मग सांगा ना."

"नाही सांगत."

"भेंडारकर..."

"मेहुण्याले विचारा. नाहीतर तारांकित प्रश्न टाका. मी उत्तर देत नाही."

मनोहररावांनी फाइल उचलली, धूळ झटकली आणि नाडी घट्ट बांधायला घेतली. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा मारली. तेवढ्यात गॅलरीचं दार उघडून साहेब बाहेर आले. हातात पानाची पुडी होती आणि ते घाईत दिसत नव्हते.

"चला," साहेब म्हणाले. "झालं."

"काय झालं, साहेब? चिठ्ठी आली नाही," मी म्हणालो.

"कशाची चिठ्ठी? अध्यक्षांनी पहिला प्रश्न पुकारला, कोणी उठलं नाही. दुसरा पुकारला, कोणी उठलं नाही. मग संत्र्यांवरचा घेतला."

प्रश्न टाकणारे दोन्ही आमदार बुधवारीच आपापल्या गावी निघून गेले होते.