क्रेनवाल्या आजीचं जॅकेट

लेअर : रेषा

लेअर म्हणजे संगणकावरच्या चित्राचा एकेक थर. या थरातल्या रेषा दादाच्या. एक म्हातारी क्रेन चालवते, खांद्यावर मांजर, अंगात ढगळ पिवळं जॅकेट. मुलांच्या पुस्तकाची नायिका. रेषांच्या आतले सपाट रंग माझे. सावली नाही, चकाकी नाही. एका भागाला एकच रंग. तो चुकला की लपायला जागा नाही.

लेअर : आमचा माणूस

पुस्तकात दादाची जागा पक्की आहे, माझी नाही. संपादकबाई म्हणाल्यात, "बहिणीचे रंग आज दुपारी कॉलवर बघू. नाही जमले तर आमचा माणूस भरेल."

आमचा माणूस. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी स्वप्नात तो माझ्या खुर्चीत बसून चहा पीत होता. माझ्याच कपात.

लेअर : अंग

दुपारच्या आधी मी चित्र वहिनीच्या फोनवर पाठवलं. नुसतं, कौतुक करून घ्यायला.

"अगं, ही आजी आजारी आहे का?"

"का?"

"निळी पडलीय."

"तुझा फोन जुना झालाय," दादा म्हणाला.

"फोन जुना, नवरा जुना, पण डोळे शाबूत आहेत माझे."

मी तिचा फोन माझ्या लॅपटॉपशेजारी धरला. माझ्याकडची आजी उन्हात रापलेली, तरतरीत. फोनमधली, पाण्यातून बाहेर काढल्यासारखी. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह दिसलं. डोळ्यांना आराम देणारा पिवळा फिल्टर. डोकं दुखत होतं म्हणून मीच लावला होता, आणि विसरले होते. आठवडाभर मी पिवळ्या काचेतून रंग निवडत होते, आणि नकळत प्रत्येक रंग निळ्याकडे ढकलत होते.

फिल्टर बंद केला.

लेअर : (रिकामा. इथे खरा रंग दिसायला हवा होता, दिसत नाही.)

लेअर : अंग, पुन्हा

फिल्टर गेला, पण माझ्या डोळ्यांतून गेला नाही. पांढरा कागदही निळसर वाटत होता. अंगाचा रंग बदलला.

"आता कावीळ," वहिनी म्हणाली.

पुन्हा बदलला.

"आता टोमॅटो."

"वहिनी, प्लीज!"

"रडू नकोस. हा घे, फुकट आहे." तिने आपला हात कोपरापर्यंत उघडा करून स्क्रीनला टेकवला. मी रंग सरकवत गेले आणि ती बोलत गेली. अजून. अजून. थांब, मागे ये. बास!

मी तो रंग भरला. तो बरोबर आहे की नाही, मला कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता रंग भरला.

जॅकेट राहिलं. फोन वाजला.

लेअर : कॉल

संपादकबाई चित्र मोठं करून बघत होत्या. मी त्यांच्या मागची पुस्तकं बघत होते, त्यांचा चेहरा बघावा लागू नये म्हणून.

"जॅकेट असं हिरवट का?"

"मुद्दाम," दादा झटकन म्हणाला. "तिची स्टाइल आहे ती." टेबलाखाली त्याने माझ्या पायावर पाय दिला.

मुद्दाम म्हटलं की पुस्तकभर मुद्दाम करावं लागणार. आणि मला तर सगळंच निळसर दिसत होतं, जॅकेट खरंच हिरवट आहे का ते कळत नव्हतं.

"मुद्दाम नाही," मी म्हटलं. "माझ्या स्क्रीनवर पिवळा फिल्टर राहिला होता. आजीच्या अंगाचा रंगसुद्धा आत्ता वहिनीने सांगितला, मी फक्त भरला. मला आत्ता नीट दिसत नाहीये."

दादाने कपाळाला हात लावला.

"कधी दिसेल?"

"डोळे जरा निवले की. संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळी पाठवा मग. आमचा माणूसही पाठवेल. दोन्ही शेजारी ठेवून बघते."

लेअर : खिडकी

काहीच न करणं एवढंच आता माझ्या हातात होतं. मी खिडकीशी बसले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. कुठेतरी तो माणूस आत्ता जॅकेट भरत असणार, ताज्या डोळ्यांनी. मी दोनदा उठले. दोन्ही वेळा वहिनीने खांदे धरून खाली बसवलं.

"भिंत बघ, कावळा बघ, नवरा शोध. लॅपटॉप बघू नकोस."

ऊन उतरल्यावर फाइल उघडली. अरे देवा! जॅकेट शेवाळासारखं होतं, आणि आठवडाभर मला ते आवडलं होतं. मी पिवळा घेतला, जरासा नारिंगीकडे झुकलेला. क्लिक केलं. आजी एकदम क्रेनच्या पुढे आली.

पाठवलं.

लेअर : सगळ्यात वरचा

संपादकबाईंचा मेसेज आला. "जॅकेट तुमचं ठेवू. अंगाचा रंग आमच्या माणसाचा. तो पाठवते, तेवढा घ्या. पुढची पानं तुम्हीच भरा."

मी तो वाचला. परत वाचला. मग फोन दादाकडे सरकवला.

"काय झालं?"

"मोठ्याने वाच. तुझ्या डोळ्यांनी."