डाव्या पंखातला बुडबुडा

जॉब कार्ड. मॉडेल विमानाचा डावा पंख, रेझिनचा. ओतणारा: उमाजी. दोष: अंगठ्याएवढा खळगा. उपाय: भरणे.

भरला. रेझिनमध्ये शंखजिरं कालवून खळगा बुजवायची लांबी केली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. सोमवारी गुळगुळीत. मंगळवारी खळगा परत, तिथंच.

दोष: तोच. उपाय: तोच.

बुधवारी परत.

उमाजी माझे सासरे. निपाणीहून मला बंगळूरला त्यांनीच आणलं, मॉडेल शॉपमध्ये शेजारच्या टेबलाशी उभं केलं. साच्यात रेझिन ओतलं की ते वाकून फुंकर घालायचे. उबेनं बुडबुडे फुटतात. "दिवा विझवल्यागत नको, कृष्णात. पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढतोस तशी. स्वल्प." हा पंख ओतला त्या दिवशी त्यांनी फुंकर घातली आणि मान वर केलीच नाही.

गुरुवारी उपेंद्र साहेब आले. पुण्याचे, इंजिनियर.

"अहो, वरून काय थापताय? आत हवा अडकलीये. ड्रिल घाला, तिला बाहेर काढा, मग भरा. शनिवारी टनेलमध्ये ठेवून वारा सोडून बघायचाय. पंख बाद झाला तर तुमचं कायम होण्याचं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आधी भोक, मग भरणं, हे मला ठाऊक होतं. शिकवणारे उमाजीच. तीन दिवस मी विसरल्यासारखं करत होतो.

संध्याकाळी घरी बायकोला, तानूबाईला सांगितलं. विळीवरचा तिचा हात थांबला.

"आत हवा? कुणाची?"

मी डबा मोरीत ठेवला.

"आबांची शेवटची फुंकर हाय ती. तुम्ही तिला भोक पाडणार?"

"पंख बाद झाला तर मीही बाद, तानू."

"होऊ द्या. फेकलेला पंख मागून आणा. देव्हाऱ्यात ठेवीन."

"देव्हाऱ्यात विमान?"

"गणपतीपुढं उंदीर चालतो, माझ्या बापाचा पंख चालत न्हाई?"

"बरं बाई. नाही पाडत."

"शपथ?"

"शपथ."

शुक्रवार, जेवणाची सुट्टी संपल्यावर. उपाय: भोक.

हातड्रिलचं बारीक पातं आत गेलं आणि सुस्कारा आला. मी वाकलेलो होतो. आमच्या कामात वाकावंच लागतं. रेझिनचा वास यायला हवा होता. आला तो तंबाखूचा, लवंगेचा, आणि ऊब. तोंड बाजूला करायच्या आत

ती फुंकर माझ्या छातीत.

मग भरलं, घासलं. खळगा परत आला नाही. उपेंद्र साहेबांनी पंखावरून बोट फिरवलं. "व्वा!"

दोष: नाही.

शनिवारी पंख टनेलमध्ये गेला, वाऱ्यात सुरळीत उभा राहिला. साहेब म्हणाले, कायमचा कागद पुढच्या महिन्यात. मी चालत राजाजीनगरला घरी आलो. उंबऱ्यात चपला काढल्या, भिंतीला हात टेकून खाकरलो. खाकरणं उमाजींचं निघालं.

आत चुलीपाशी तानूबाई पाठमोरी बसली होती.

"आबा, चहा टाकू?"

बोलली आणि तशीच थिजली. मागं वळली नाही.

मी आहे गं, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ती वळली असती, माझ्याकडे बघितलं असतं, पंखाचं विचारलं असतं.

"आबा?" पुन्हा. आता अगदी हळू, आशेनं.

मी ओ दिली.