चार बोटं माया

"डॉक्टर, डावीकडची रेघ खाली गेलीय. अर्धा इंच."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पोटावर जांभळ्या शाईने रेघा मारताना पेशंटनेच चूक काढायची, हा प्रकार त्यांच्या बापजन्मात घडला नसावा. ते दोन पावलं मागे सरकले, डोकं तिरकं करून बघितलं आणि मुकाट्याने रेघ पुसून वर घेतली.

"शिवणकाम करता का?"

"आल्टरेशन. मी उसवते आणि शिवते. मापं आणि कटिंग ती करते." धाकटीने हनुवटीनेच कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. हात मोकळे नव्हते. हॉस्पिटलचा गाऊन छातीशी गोळा करून धरला होता आणि खाली तिच्या पोटाचं कातडं रिकाम्या पिशवीसारखं लोंबत होतं.

खुर्चीत मोठी बसली होती. सख्खी बहीण. दुकानावर येणारी गिऱ्हाइकं दोघींना मोठी आणि धाकटी म्हणत, आणि आता तेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं. मोठी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर पार्किंग सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

"जेवढं निघेल तेवढं काढा," धाकटी म्हणाली. "अजिबात माया ठेवू नका."

"काय ठेवू नको?"

"माया हो. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, पुढे सैल करायला लागलं तर असू दे म्हणून? ते नको."

डॉक्टर हसले. "कातडीत तशी सोय नसते. पण फार ताणून शिवलं तर उसवतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. बेंबीला मात्र नवी जागा करून द्यावी लागेल."

"म्हणजे काज पाडणार."

"पाडू या काज."

"तिला मायेचं वावडंच आहे," मोठी खिडकीकडे बघत म्हणाली. "आजचं नाही ते." डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि उजवीकडची रेघ मारायला घेतली.

आता मोठी एवढी का जळफळत होती, ते सांगायला हवं. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, मोठी सोळाची. बाप होता, पण असून नसल्यासारखा. मोठीने शाळा सोडली, आईची मशीन पुढ्यात ओढली आणि बहिणीला वाढवलं. वाढवलं म्हणजे ताटात एकदा वाढायचं, पुरे म्हटलं की आणखी एकदा वाढायचं. चौथीत असताना पडलेली पेन्सिल उचलायला धाकटी वर्गात वाकली आणि तिचा फ्रॉक पाठीत उभा फाटला. पोरं हसली ती हसली, बाईसुद्धा हसल्या. धाकटी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडत राहिली. मोठीने चौकशी केली नाही, समजूत घातली नाही. फ्रॉक उलटा करून आत बघितलं. शिवणीला जेमतेम सूतभर कापड होतं. त्या दिवसापासून धाकटीच्या एकाही कपड्याला तिने चार बोटांच्या खाली माया ठेवली नाही.

मग काय, अंग भरलं की मोठी शिवण उसवायची, एक बोट सोडायची, पुन्हा टीप मारायची. कपडा कधी फाटला नाही आणि धाकटी कधी थांबली नाही. तिशीत ती मोठीच्या मापाला आली. मोठीचं मापही काही लहान नव्हतं. एकाच पुठ्ठ्याच्या खाक्यावर दोघींचे कपडे बेतले जाऊ लागले. त्या खाक्यावर मोठीने पेन्सिलीने 'दोघी' असं लिहिलं होतं आणि तो कटिंगच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी धाकटीची साखर वाढली, गुडघे गेले. एकशे अठरा किलो, आणि वय बेचाळीस. डॉक्टरीणबाईंनी तिला असं काही झापलं की तिने ते मनावरच घेतलं. चालायला लागली, मोजून जेवायला लागली आणि दोन वर्षांत अठ्ठेचाळीस किलो उतरवले. दुसरी कुणी बहीण असती तर नाचली असती. मोठीने मात्र मनात अढी धरली. ताटात उरलेलं ती धाकटीच्या देखत भांड्यात परत ओतायची आणि म्हणायची, "माझ्या हाताला आता विषाची चव यायला लागली वाटतं."

वजन गेलं, पण कातडं कुठे जाणार? ते राहिलं. बसलं की मांड्यांवर पसरायचं, उन्हाळ्यात घडीखाली चिघळायचं. रोज सकाळी ते उचलून कमरेच्या इलॅस्टिकमध्ये खोचायचं आणि मगच दिवसाला सुरुवात करायची. एवढं करून काय मिळवलं मी, असं धाकटीला रोज वाटायचं आणि रोज रडू यायचं.

"कपड्याच्या आत कोण डोकावतंय?" ऑपरेशनचं कळल्यावर मोठी म्हणाली होती. "या वयात कुणाला दाखवायचंय?"

"मला बघायचंय."

"मग आरसा काढून टाक भिंतीवरचा. फुकटात काम होईल."

तरीही ऑपरेशनच्या दिवशी मोठी दुकानाला कुलूप घालून बरोबर आली, आणि तिसऱ्या दिवशी धाकटीला घरी घेऊन आली तीही मोठीच. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. पावणेचार किलो कातडं निघालं होतं. धाकटी कमरेत काटकोनात वाकून चालत होती, कारण सरळ उभं राहिलं की टाके ओढायचे. पोटावर रुंद पट्टा, कमरेशी दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला लिंबाएवढे दोन रबरी फुगे. जखमेतलं पाणी त्यांत जमायचं. ते सकाळ-संध्याकाळ मापाच्या कपात ओतून वहीत लिहायचं, असं नर्सने बजावलं होतं.

मोठीने सगळं केलं. गुडघ्याखाली उशा दिल्या, पाठ पुसली, केस विंचरले, फुगे रिकामे केले. पण तोंडाचा पट्टा एक क्षण बंद नाही. "या महाराणी, आज किती पावलं चालणार?" "बेंबी मिळाली का जागेवर, की तिथेच विसरलात?" धाकटीला हसू यायचं आणि हसलं की पोटात आग उठायची, म्हणजे टोमणा बसायचा तो बसायचा, वर टाकेही ओढायचे. मोठीला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी ती थांबली नाही.

नवव्या दिवशी शाळेतल्या एक बाई पँट लांब करायला टाकून गेल्या. जाताना मागच्या खोलीत डोकावल्या.

"कशी आहेस गं? खडे फार मोठे होते म्हणे?"

"कसले खडे?"

"पित्ताचे. मोठी सांगत होती."

धाकटीने मोठीकडे बघितलं. मोठी कपात फुगा पिळत होती, मान खाली.

"हो, मोठेच होते," धाकटी म्हणाली. "पावणेचार किलोचे."

बाईंना कळलं नाही हसावं की काय करावं. त्या काळजी घे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"लाज वाटते माझी?" दार लागल्यावर धाकटीने विचारलं.

"एकशे अठरा होतीस तेव्हा नाही वाटली. आता वाटते. काय सांगू लोकांना, धडधाकट बाई आपल्या पायांनी गेली आणि स्वतःला कापून घेऊन आली?"

"धडधाकट? घडीखालचं चिघळलेलं रोज कोण धूत होतं?"

"मला सांगितलंस कधी? मी नसतं धुतलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू वरून आणखी एक सैल झगा शिवला असतास. तेवढंच येतं तुला."

मोठीने कप उजेडाकडे धरला, आकडा बघितला. "तीस," म्हणाली आणि वहीत लिहिलं. हात जराही हलला नाही. त्या न हलणाऱ्या हाताने धाकटीचं डोकं फिरलं.

"तूच केलंस हे. दर वर्षी तू माया ठेवायचीस आणि मी ती भरायची. तू जागा करून ठेवली नसतीस तर मी एवढी झालेच नसते."

"फ्रॉक फाटला होता तुझा."

"मग फाटू द्यायचा होतास. चारदा फाटला असता तर पाचव्यांदा मी जेवताना हात आवरला असता."

मोठीने दुसरा फुगा हातात घेतला होता, तो पिळायचा राहून गेला.

"आजपासून माझ्या कपड्याला माया ठेवायची नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढला तसं पोट दुखलं, तरी तिने वाक्य पुरं केलं. "सूतभरसुद्धा नाही."

"बरं," मोठी म्हणाली.

नुसतं बरं, पुढे काही नाही. जिने जन्मात कुणाला शेवटचा शब्द टाकू दिला नव्हता, तिने एवढ्यावर भांडण सोडलं. धाकटीला वाटलं, जिंकले. संध्याकाळपर्यंत तिला तसंच वाटत होतं. मग वाटेनासं झालं, कारण मोठी पाणी देऊन गेली, उशी बदलून गेली आणि एकही टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

नळ्या निघाल्या. पाठ हळूहळू वर आली. सहा आठवडे झाले आणि धाकटी मशीनवर बसू लागली, आधी तासभर, मग अर्धा दिवस. एका सकाळी ट्रायल रूममध्ये पडदा ओढून ती आरशासमोर उभी राहिली. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लालसर रेघ, आणि वर सपाट पोट. तिने कारागिराच्या नजरेने रेघ तपासली. टाका बारीक, कुठे चुणी नाही, दोन्ही बाजू बरोबरीत. बेंबीचं काज किंचित तिरकं होतं, पण चालण्यासारखं. तिला इतका आनंद झाला की तो एकटीने सोसवेना. आणि तो दाखवायला जगात तिला एकच माणूस होतं.

"ताई, जरा ये. बघ तरी."

मोठी आली ती गळ्यात टेप घेऊनच. रेघेकडे तिने बघितलं नाही.

"हात वर कर."

छाती, कंबर, सीट. मोठीने तीन आकडे बोटभर चिठ्ठीवर टिपले. सकाळचे दहा वाजले होते. पुढचे कित्येक महिने संध्याकाळी पोटावर सूज येणार, सकाळचं पोट वेगळं आणि सहा वाजताचं वेगळं, हे डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी सांगायला कशाला हवं? रोज संध्याकाळी पट्ट्याचा हुक एक घर सैल घ्यावा लागायचा आणि तो घ्यायची मोठीच. हे सकाळचं माप आहे, एवढं धाकटीला म्हणता आलं असतं. मोठीला संध्याकाळी पुन्हा टेप लावता आली असती. दोघींनीही ते केलं नाही.

चौथ्या दिवशी मशीनवर घडी घालून ड्रेस ठेवलेला होता. गडद निळा, लांब बाह्यांचा. धाकटीने तो अंगात घातला आणि बटणं लावली. कुठे झोळ नाही, कुठे ओढ नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर तिच्याच मापाचा कपडा होता. सकाळभर जो येईल तो बघत राहिला. नवी पँट टाकायला आलेल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मोठीच्या हाताला तोड नाही हो." मोठी काज करत होती. "हं," म्हणाली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर धाकटीने बाजूच्या शिवणीत बोट घालून बघितलं. आत काहीच लागलं नाही. टीप आणि टिपेला लागून कापलेली धार. इतकं काठोकाठ कापायला हात फार स्थिर लागतो. मान वर केली तेव्हा तिला खिळ्यावर दोन पुठ्ठे दिसले. नव्या, अरुंद पुठ्ठ्यावर 'धाकटी' लिहिलं होतं. जुन्यावरचं 'दोघी' खोडरबराने पुसलं होतं, नीट गेलं नव्हतं, आणि शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पाच वाजल्यापासून ड्रेस आवळायला लागला. सहाला बटणांच्या मधे कापड ताणलं. धाकटी श्वास वरच्या वर घेत होती. आत जाऊन जुना झगा घालता आला असता, पण टेबलापलीकडून मोठी बघत होती.

"दाबतंय?"

"नाही."

"दाबत असेल तर सांग."

"सांगितलं तर काय करशील?"

मोठीने कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा थकलेला दिसत होता आणि त्यात राग शोधूनही सापडला नसता. "काही नाही करता येणार," ती म्हणाली. "आत काही ठेवलेलंच नाही."

धाकटी ताठ बसली. वाकलं असतं तर शिवण गेली असती. तिने कामाच्या ढिगातून वरचा कपडा ओढला. शाळेचा फ्रॉक होता, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा, गेल्या वर्षी इथेच शिवलेला. टाचणीने चिठ्ठी लावली होती, 'सैल करणे'. तिने तो उलटा केला. टाका मोठीचा होता आणि शिवणीच्या आत पुरी चार बोटं माया होती, वरून इस्त्री फिरवून नीट निजवलेली. धाकटीने ब्लेड घेतलं आणि कापडाला धक्का न लावता एकेक टाका उसवायला सुरुवात केली.