रिकाम्या काट्यावर साठ किलो

केशोरावच्या धरमकाट्यावर आजारी पडायचं असेल तर आधी कामावर यावं लागे. हसू नका, खरंच सांगतो. फोन केलेला चालत नसे. भावाच्या हाती निरोप पाठवला तर मालकाचं डोकंच फिरे. अंगात ताप असो की पोट धरून बसायची पाळी आलेली असो, माणसानं सकाळी आठला कोहमाऱ्याच्या काट्यावर यायचं, मालकाला तोंड दाखवायचं, आणि मालक 'जाय' म्हणाला तरच घरी जायचं. आता जो माणूस सात-आठ किलोमीटर सायकल मारून येऊ शकला त्याला काम करायला काय धाड भरली, असा मालकाचा सवाल असे. त्याला उत्तर द्यायची कोणाची छाती नव्हती.

या तोंड दाखवण्याला केशोरावनं स्वतःच्या डोक्यातून आणखी एक शेपूट जोडलं होतं. धरमकाटा म्हणजे हायवेच्या कडेला जमिनीबरोबर बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. त्यावर धानाचा ट्रक चढतो, केबिनच्या कपाळावर आणि आत टेबलावर लाल आकडे येतात, आणि आत बसलेली हर्षा पावती काढते. कोणी आजारी म्हणून आला की केशोराव केबिनच्या दारातून ओरडे, "उभा राय काट्यावर! पाहू दे तुही बिमारी किती किलोची आहे!" तो बिचारा उभा राही, हर्षा आकडा मोठ्यानं वाचे, आणि रांगेतले ड्रायव्हर पोट धरधरून हसत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तसा माणूस दुष्ट नव्हता हो. हसून झालं की अर्ध्या वेळा तो सुटी देईसुद्धा. आणि स्वतःचं काय करी? कावीळ झाली तेव्हा सलाईनची सुई हाताला चिकटपट्टीनं तशीच बांधून काट्यावर येऊन बसला होता, डोळे पिवळेजर्द. बायको शामकला दारात आडवी झाली तर तिलाच म्हणाला, "काट्याले कुलूप दिसलं का गाड्या पुढच्या काट्यावर जातेत वो. मंग वापस येतीन का त्या?" ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगे. लहान धंद्यात आजारपण परवडत नाही, एवढं एकच त्याला कळत होतं, आणि जे आपल्याला जमलं ते दुसऱ्यालाही जमलं पाहिजे असं त्याला मनापासून वाटे.

धनीराम त्याच्याकडे अकरा वर्षं होता. ट्रक पाटावर नीट घेणं, ड्रायव्हरला खाली उतरवणं, फटीत अडकलेला चिखल सळईनं काढणं, ही त्याची कामं. जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्तीवरून, सायकलनं येई आणि दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. त्याला सिकलसेल होता, लहानपणापासून. या दुखण्याची पंचाईत अशी की वरून काही दिसत नाही. ताप नसतो, सूज नसते, रक्त नसतं. हाडं आतून ठणकतात आणि माणूस चांगला धडधाकट दिसतो.

नोव्हेंबरात धानाच्या गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागली होती, तेव्हा एका सकाळी धनीराम केबिनच्या दाराशी आला आणि म्हणाला, "मालक, आज हाडात घुसून राहिलं. आज नाई जमत मले. सुटी द्या."

केशोरावनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. "उभा राय काट्यावर," तो म्हणाला.

धनीराम उभा राहिला. "साठ!" हर्षानं आतून वाचलं.

"मांगच्या बारीलेही साठच होता न बे? एक किलो घटला नाई, मंग बिमारी कोठं आहे तुही?" ड्रायव्हर हसले. हर्षा हसली. धनीरामही हसला. मग पाटावरून उतरला आणि पहिल्या गाडीला हात करू लागला. चार वाजेपर्यंत त्यानं गाड्या घेतल्या आणि मग कोणाला न सांगता सायकल हातात धरून पायी निघून गेला. पहाटे त्याला दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच तो संपला.

मातीला केशोराव गेला. मंगली, धनीरामची बायको, कपाळ बडवून घेत होती. सगळा टोला जमला होता आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत असं केशोरावला वाटलं. आणि मग कोणी काही विचारायच्या आतच त्याच्या तोंडून निघून गेलं, "मले एका शब्दानं सांगाचं होतं न बाई त्यानं. सुटी मांगतली असती तर मी त्याले हातोहात गाडीवर बसवून घरी सोडलं असतं. तो बोललाच नाई."

मंगली रडायची थांबली. मेलेल्या नवऱ्याकडे पाहून ती ओरडली, "मुका! जलमभर मुका राह्यला! मी धाडलं होतं न तुले सांगाले!" मागं उभ्या असलेल्या हर्षानं मान खाली घातली. केशोरावनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला काट्यावर साठ आले.

गाडी नव्हती, माणूस नव्हता, पाट झाडून लख्ख केलेला. केशोराव उठून बाहेर गेला, पाटाभोवती फिरला, वाकून फटीत पाहिलं. "कोन उभं आहे वो?" त्यानं विचारलं. "कोनीच नाई, मालक," हर्षा म्हणाली. असं कधीमधी होतं, ओलीनं होतं, असं म्हणत त्यानं बटण दाबून काटा शून्यावर आणला. दिवसभर गाड्या झाल्या. चारला पाट रिकामा असताना आकडा आपोआप बदलला आणि वजा साठ झाला. आता काट्याचं गणित असं असतं, की वर काही उभं असताना शून्य केलं आणि मग ते खाली उतरलं, तर काटा तेवढंच वजा दाखवतो. केशोरावला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग रोज तेच सुरू झालं. आठला साठ, चारला वजा साठ. गोंदियाहून ओमेश मेकॅनिक आला. त्यानं खालचे सेन्सर पुसले, वायरी बदलल्या, "काका, मशीन एकदम ओके है, चूहा घुसला असन," म्हणाला. केशोरावनं त्याला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आठला दारात उभं केलं. ओमेशनं आकडा पाहिला, रिकामा पाट पाहिला, पिशवीत पाने-पकडी भरल्या आणि समोर आलेला चहा न पिता मोटारसायकलला किक मारली. त्यानंतर त्यानं केशोरावचा फोन उचलला नाही.

केशोरावनं नारळ फोडला. लिंबू-मिरची बांधली. पाटाला नवा रंग दिला. केबिनमधली खुर्ची फिरवून आकड्याकडे पाठ करून बसायला लागला, तर हर्षाच्या तोंडाकडे पाहून कळायचंच की आठ वाजले. जेवण जाईना. शामकला म्हणाली, "दोन दिवस घरी राहा न जी," तर तिच्यावर खेकसला. घरी राहायची त्याला आता भीतीच वाटत होती. आपण नसताना तो पाटावर एकटा उभा राहील, असं काहीतरी त्याच्या मनात येई.

कारण तो कशासाठी उभा आहे हे केशोराव ओळखून होता. एका सकाळी आठला, हर्षाला चहा आणायला धाडून, त्यानं आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि त्या रिकाम्या लोखंडाला म्हणाला, "जाय धनीराम. देल्ली सुटी. जाय घरी." साठचे साठच राहिले. तो पाया पडला. दोन दिवसांची, आठ दिवसांची, जन्माची सुटी दिली. आकडा हलला नाही. तेव्हा मात्र केशोराव पाटाच्या कडेला मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुटी नको तर मग आता काय पाहिजे याला, हे त्याला कळेना, किंवा कळत होतं आणि कबूल करायचं नव्हतं.

असे चार महिने गेले. मार्चमध्ये एक दिवस हर्षा उशिरा आली. तोंड तापानं लाल झालेलं, ओढणी कानावरून गच्च गुंडाळलेली. केबिनकडे न येता ती सरळ पाटावर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, कोणी सांगायचीही गरज नव्हती. साठावरून आकडा सरकला आणि एकशे दहावर थांबला.

हर्षा पन्नास किलोची होती. पाटाच्या त्या टोकाला ही पोरगी एकटी दिसत होती आणि आकडा म्हणत होता दोन माणसं आहेत.

"उतर! उतर खाली! घरी जाय, सुटी आहे तुले!" तो ओरडला.

हर्षा उतरली नाही. "मालक, धनीरामदादानंही मांगतली होती सुटी," ती म्हणाली. "आकडा मीच वाचला. हसली पन मी. मातीत तुमी खोटं बोलले, अन् मी ऐकून घेतलं. मंगलीवहिनी बाजारात भेटते तवा माहा हात धरते अन् इचारते, 'तो बोलला काऊन नाई वो?' मी काय सांगू तिले? मले झोप नाई येत मालक. तुमी जाऊन सांगा, नाई तर मी जातो."

केशोरावनं तिला घरी पाठवलं. मग काट्याला कुलूप लावलं. उभ्या असलेल्या तीन गाड्यांचे ड्रायव्हर बोंबलत राहिले, "अरे काका, क्या हुआ?" आणि तो मोटारसायकल काढून टोल्याकडे निघाला. रस्ताभर तो सांगायचं वाक्य जुळवत होता. गर्दी फार होती, कपाळ थंड होतं, सिकलसेलचं आपल्याला काय कळतं. कोणतंही वाक्य मनाला पटत नव्हतं.

मंगली अंगणात वेचून आणलेली मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं बाज पुढं केली, पाणी दिलं. मालक घरी आला म्हणजे काही कागदावर अंगठा पाहिजे असेल, असं तिला वाटलं.

"बाई," केशोराव म्हणाला. बाजेवर न बसता तो खाली मातीतच बसला. "मी खोटं बोललो. त्यानं मांगतली होती सुटी. मीच देल्ली नाई."

मंगलीचा हात मोहावर थांबला.

"काय म्हनला तो?" तिनं विचारलं.

"म्हनला का जमत नाई म्हनून..."

"तसं नोको. त्याचे शबुद सांगा. जसे म्हनला तसे."

केशोरावला ते शब्द पाठ होते. चार महिने तो तेच ऐकत होता. "मालक, आज हाडात घुसून राहिलं. आज नाई जमत मले. सुटी द्या."

"अजून एकडाव."

त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिनं विचारायची वाट न पाहता बाकीचंही सांगून टाकलं. काट्यावर उभं केलं ते, साठ, ड्रायव्हर हसले ते, बिमारी कोठं आहे म्हणून आपण काय बोललो ते. सांगताना त्याला धाप लागली. ती शिव्या देईल, दगड उचलेल, टोला गोळा करेल, आणि तसं तिनं करावं असं त्याला आतून फार वाटत होतं. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

मंगलीनं त्याला काहीच केलं नाही. ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

"तोंड उघडलं होतं त्यानं," ती हळूच म्हणाली. "चार महिने झाले, सकाळी उठली का पह्यले त्याले शिव्या देतो मी. मुक्या, तुह्या तोंडाले काय कुलूप होतं? लेकराइचा नाई तर माहा तरी इचार कराचा होता. त्याच्या नावाचा घास नाई काढला म्या. शेजारनी म्हनत, काढ वो, भुका फिरत असन. मी म्हनो, फिरू दे. मुक्याले कायले वाढू?"

मोहाची टोपली तिनं बाजूला सारली, उठली आणि घराच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं, आत अंधार होता. उंबऱ्यावर डोकं टेकवून ती आतल्या अंधाराला म्हणाली, "भूल झाली माही, धनीराम. मले माहीत नोहोतं गा. तू बोलला होता. तू तं बोलला होता. माफ कर मले."

केशोराव माफी मागायला आला होता. तो तिच्यामागं अंगणात हात जोडून बसून राहिला, आणि मंगली उंबऱ्यावरून आत नवऱ्याशी बोलत राहिली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.