घड्याळजींच्या पोटाखालची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. बसायची नव्हे, झोपायची नव्हे, व्यायामाची. कारखान्यात तापलेले रबर लाटून मला घडवले, निळा रंग दिला आणि गुंडाळून दुकानात उभे केले. मला विकत घेणारे सगळेच व्यायाम करतात, ही एक अफवा आहे.

मला घरी नेले ते एका घड्याळजींनी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, टेबलावर वाकून ते घड्याळे दुरुस्त करीत. घरी म्हातारी आई होती. तिचे पाय गेले होते. रोज सकाळी घड्याळजी तिला उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत. तिथून रस्ता दिसे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाविषयी आईचे काही ना काही मत असे.

एके दिवशी तिला उचलताना घड्याळजींच्या कमरेत उसण भरली. आई पलंगावर, लेक जमिनीवर! मोठी बहीण धावत आली.

"तुझ्याच्यानं आता होणार नाही. महिनाभर बघते, नाहीतर आईला माझ्याकडे नेते."

"मी काय कपाट आहे, इकडचं तिकडे करायला?" आई म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

कंबर जरा सुधारल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी प्लँक सांगितला. पालथे व्हायचे, कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग उचलायचे आणि सरळ फळीसारखे तसेच राहायचे. बघणाऱ्याला वाटते, माणूस काहीच करत नाही. करणाऱ्याला वेगळे वाटते. घड्याळजी थरथरत, लालबुंद होत आणि धपकन माझ्यावर आपटत. रोज तेच. शेवटी बाई स्वतः बघायला आल्या.

"अहो, श्वास कुठाय तुमचा?"

"धरलाय."

"कशाला?"

"बारीक काम करताना आम्ही धरतोच. फुंकर लागली की स्क्रू उडतो."

"इथं काय उडणार आहे? स्वतःचं वजन बघा जरा! घ्या श्वास!"

त्यांनी श्वास घेतला, आणि मित्रांनो, त्या दिवशी ते आपटले नाहीत, हळूच टेकले. मग रोज थोडे थोडे वाढवत गेले. पोट आवळले गेले, पाठीला बळ आले, खांदे भरले. टेबलाशीही ते ताठ बसू लागले.

महिना संपला. बहीण बॅग घेऊन दारात उभी राहिली. घड्याळजी गुडघ्यांत वाकले, पोट आत घेतले आणि त्यांनी आईला अलगद उचलून खुर्चीत ठेवले. आई म्हणाली, "बॅग आणलीच आहेस, तर राहा चार दिवस."

पुढे बरीच वर्षे आईने त्या खिडकीतून रस्त्यावर लक्ष ठेवले. मग एका सकाळी तिला उचलायचे उरले नाही. त्यानंतर घड्याळजींनी मला गुंडाळले आणि कपाटामागे उभे केले. तिथे धूळ आहे, अंधार आहे. फटीतून मला ते दिसतात. पुन्हा वाकलेले, उठताना भिंतीला हात टेकणारे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटामागे माझी एखादी बहीण उभी असेल. तिला बाहेर काढा, झटका, अंथरा. घड्याळजींना वाटते, आता उचलायला घरात कुणी नाही. पण एका माणसाचे ओझे ते अजूनही रोज सकाळी उचलतात. स्वतःचे.