लाल खुणेविना

‘रन’ या इंग्रजी क्रियापदाने माझी नऊ वर्षं खाल्ली. लोकांना वाटतं, रन म्हणजे पळणे, झालं. अहो, नाक वाहतं ते रन, दुकान चालवतात ते रन, निवडणूक लढवतात ते रन आणि पायमोजा उसवत जातो तेही रनच. वाहण्याचा अर्थ तर पळण्याइतकाच जुना. असे एकशे ब्याऐंशी अर्थ मी शोधले.

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात एका अर्थाला एक चिठ्ठी. मूळ पुस्तक उघडून उतारा ताडून पाहिला की कोपऱ्यात लाल खूण करायची. खूण नसेल तर चिठ्ठी छापायची नाही. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतात. संपादकसाहेबांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी चिठ्ठ्यांना कधी हातच लावला नव्हता.

माझी ‘गो’ची नोंद त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली, तेव्हा मी मूग गिळून बसले. पण मग त्यांनी ‘रन’च्या चिठ्ठ्यांचा खणही मागवला आणि माझं डोकं फिरलं. मी एक चिठ्ठी जास्तीची घातली. ‘रन : रुसलेल्याला जेवायला बसवणे.’ अर्थ धडधडीत खोटा, पुस्तकही खोटं, लेखिका म्हणून आईचं माहेरचं नाव. लाल खूण मात्र केली नाही. एकदा जरी त्यांनी ताडून पाहिलं असतं, तरी वाचले असते.

प्रकाशनाला मी आईला घेऊन गेले. ‘रन’खाली साहेबांचंच नाव होतं आणि भाषणात त्यांनी नेमका तोच अर्थ रंगवून सांगितला. मी हात वर केला.

“हा कुठे सापडला, साहेब?”

“आजोबांच्या कपाटात होतं ते पुस्तक. लहानपणी पारायणं केलीत मी त्याची.”

मी लेखिकेचं नाव मोठ्याने वाचलं. “ती इथेच आहे. आई, ऊठ जरा.”

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. “अगं, मी कसलं पुस्तक लिहिते? मला इंग्रजीत सहीसुद्धा येत नाही.”

“ती चिठ्ठी मी रचली,” मी म्हणाले. “बाकीच्या एकशे ब्याऐंशीही माझ्याच. त्या खऱ्या आहेत.”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

“बसू का गं आता?” आईने विचारलं.

“थांब आई. त्यांना नीट बघू दे.”