सिकंदराचा जुळा भाऊ

"अवो, याचा भाऊ आला काय?" चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता रंभाने विचारलं.

शिवा पाटलाने भिंगातून डोळा काढला. पुढ्यातल्या काळ्या मखमलीवर सिकंदराचं चांदीचं नाणं होतं, नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने तपासायला पाठवलेलं. आणि रंभाचं बोट होतं भिंतीकडे. तिथे तसल्याच एका नाण्याचा ताटाएवढा फोटो नऊ वर्षं टांगलेला होता. रोह्याच्या हैबतराव देशमुखांचं नाणं ते. शिवाने आजवर पास केलेल्या नाण्यांतलं सगळ्यात देखणं.

"एका ठशाची असतील," शिवा म्हणाला. "एका ठशावर हजारो नाणी ठोकायचे तवा. तोंड सारखंच यायचं."

"तोंडाचं नाय बोलत मी. तो कानाखालचा फोड बघा. फोटोत पण हाय. आमच्या कारखान्यात साच्यात हवा रायली, की शंभर गणपतींना एकाच जागी फोड यायचा."

रंभा हमरापूरची. तिचं अर्धं आयुष्य रबरी साच्यांतून गणपती काढण्यात गेलेलं. शिवाही त्याच पट्ट्यातला. सोळाव्या वर्षी मूर्तींची आखणी करायचा, म्हणजे देवाचे डोळे रंगवायचा. मग मुंबईत फोर्टातल्या एका नाण्यांच्या दुकानात चिकटला आणि अठ्ठावीस वर्षं ग्रीक नाणी बघून बघून त्यातला जाणकार झाला. आता पेणला स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, हा सोनारकाम करतो. पण देशभरातून शौकीन लोक त्याच्याकडे नाणी पाठवत. झीज, ठसा आणि पृष्ठभाग, प्रत्येकाला पाचपैकी मार्क, आणि खाली अंदाजे किंमत. त्याच्या त्या दोन ओळींवर वीस हजारांचं नाणं दोन लाखांना जायचं. माणसाजवळ नाव असावं ते असं.

"चहा निवतोय," रंभा म्हणाली.

शिवाचं लक्ष कुठलं! फोडाचं काही नाही. मूळ ठशातच खोट असली तर खऱ्या नाण्यांवरही फोड सारखा येतो. पण काठाचं तसं नाही. चांदीची तापलेली चकती ठशावर ठेवून वरून हातोडा हाणला, की काठ त्याला हवा तसा फाटतो. प्रत्येक नाण्याचा वेगळा. त्याने हैबतरावांच्या नाण्याचे जुने फोटो कपाटातून काढले आणि काठ ताडून पाहिले. डावीकडे एक चीर. दोन्हींना. तिच्या खाली छोटा टवका. दोन्हींना, एकाच जागी.

दोन्ही नाणी एका साच्यातून ओतलेली होती. दोन्ही खोटी.

 नऊ वर्षांपूर्वी आपण काय केलं ते शिवाला लख्ख आठवलं. नाण्यावरच्या वीराचा डोळा इतका जिवंत होता, की आखणी करणारा त्याच्यातला पोरगा हरखून गेला. गणपतींच्या कारखान्यात डोळा जमला की मूर्ती पास, मग हात वाकडा का असेना. त्याने तेच केलं. डोळ्याला भुलला, काठ वरवर पाहिला, आणि लिहिलं: ठसा पाचपैकी पाच. त्या कागदावर हैबतरावांनी दोन लाख चाळीस हजार मोजले होते.

"त्यांना कोण सांगनार हाय?" रंभा म्हणाली. नवऱ्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. "नाशिकवाल्याला लिवा खोटं, आन हा फोटो काढून ठेवा. झालं."

"तसंच करावं म्हंतो."

"मग शर्ट कशाला बदलताय?"

शिवाने नाशिकच्या नाण्याचे फोटो पिशवीत टाकले. रंभाने डब्यात चार घावणे घातले आणि म्हणाली, "रोह्याला जाऊन लोकांच्या घरी उपाशी बसू नका."

रोह्याच्या एसटीत नागोठण्यापर्यंत त्याने एकच वाक्य दहा तऱ्हांनी घोळवलं. पुढे धाटावच्या कारखान्यांत दुसऱ्या शिफ्टला जाणारी माणसं गाडीत भरली, क्रिकेटवरून वाद सुरू झाला, आणि जमवलेलं वाक्यही पार विस्कटलं. त्यामुळे हैबतरावांच्या बैठकीत बसल्या बसल्या त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं.

हैबतराव धाटावच्या कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. तिथल्या लोकांना अजून त्यांच्या आवाजाचा धाक वाटे. पण आज ओरडण्याऐवजी ते उठून आत गेले. त्यांनी पेटी आणली, उघडली, नाणं तळहातावर घेतलं. नाशिकच्या नाण्याचे फोटो शेजारी धरून बराच वेळ काठ पाहिला.

"नऊ वर्षं," शेवटी ते म्हणाले. "रोज आंघोळ झाली की आधी याचं दर्शन, मग देवाचं. सूनबाईला विचार."

"व्हय, खरंय," दारातून ऋतुजा म्हणाली आणि सासऱ्यांचा चेहरा पाहून आत पळाली.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं?"

"नाय, साहेब."

"मग आलास कशाला, सुखातला जीव दुःखात घालायला?"

"नाशिकवाल्याचं खोटं लिवायचं नि तुमचं खरं ठेवायचं, हातच चालंना." शिवा म्हणाला. त्याने खिशातून कापसात गुंडाळलेलं एक तांब्याचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. "तेवढे पैसे माझ्याकडं नायत. माझ्या मालकीचं ग्रीक नाणं हे एवढंच. फोर्टातल्या शेटनी निवृत्तीला दिल्यालं. ते ठेवून घ्या."

हैबतरावांनी चष्मा पुसला आणि नाणं उचललं. आणि का कोण जाणे, त्यांच्यातला मॅनेजर जागा झाला. "याला मार्क किती?"

शिवा गांगरला. हे नाणं त्याने दिवाळीच्या दिवाळी पुजलं होतं. त्याला मार्क द्यायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याने भिंग काढलं. आधी काठ पाहिला, चारी अंगांनी, अगदी सावकाश. मग तोंड.

"झीज दोन," तो म्हणाला. "ठसा तीन. पृष्ठभाग... दोनच. एका बाजूनं गंजलंय."

"किंमत?"

"चार हजार. गिऱ्हाईक अडलेलं असंल तर साडेचार."

"दोन लाख चाळीस हजाराच्या बदल्यात चार हजाराचं नाणं देतोस, आणि वर त्याला नापास करतोस?"

"हाय ते हाय, साहेब."

हैबतराव आधी गालात हसले, मग मोठ्याने, मग इतके की ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "अगं, याला जेवायला वाढ," ते डोळे टिपत म्हणाले. शिवाने घावण्यांचा डबा पुढे केला, तर त्यातले दोन त्यांनीच खाल्ले.

हसून झालं तरी दुःख होतंच. सिकंदराला त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं, तेव्हा त्यांचं बोट त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळलं. मग मखमलीतल्या त्या मोठ्या रिकाम्या खळग्यात त्यांनी शिवाचं तांब्याचं नाणं ठेवलं. ते फारच लहान पडलं, डुगडुगायला लागलं. त्याच्या भोवतीने त्यांनी तोच कापूस नीट दाबून बसवला.

शिवा निघायला उठला.

"कुठे निघालास? अजून एकेचाळीस आहेत. सगळी तूच पास केलेली. सगळी परत बघ." हैबतरावांनी दुसरी पेटी उघडून त्याच्यासमोर सरकवली, आणि स्वतः एक कोरी चिठ्ठी घेऊन लिहायला बसले. झीज दोन. ठसा तीन. पृष्ठभाग दोन. सही करण्याच्या जागी ते क्षणभर थांबले आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, तपासणार: शिवा पाटील, पेण.